टिंब म्हणजे इथून

खाजामियाँनी फायलींना माणसांची नावं कधी दिलीच नाहीत.
दुकान औशाला, किल्ल्याच्या रस्त्यावर.
आत एक पंखा, एक निळा पडदा,
आणि टेबलाखाली अठरा वर्षांचे चेहरे भरलेली
पानाच्या डब्याएवढी डिस्क.

महानंदा हुडगे भाद्याहून आल्या दुपारी,
चपला बाहेर काढून.
आईचा फोटो काढला होता हितं, म्हणाल्या, पासपोर्टचा.
कधी?
लातूरला रेल्वेनं पाणी आलं बघा, त्या साली.
नाव?
कोंडाबाई.

मी काळी खिडकी उघडली.
फाइंड लिहिलं, पुढं टिंब.
टिंब म्हणजे इथून,
मी बसलोय तिथून खाली,
जेवढं खाली जाता येईल तेवढं.
नावापुढं चांदणी टाकली.
चांदणी म्हणजे पुढं कुणीही असू दे.

कोंडिबाचा सातबारा, स्कॅन केलेला.
कोंडाजींच्या एकसष्टीचा बॅनर, मिशी काळी करून.
कोंड्यावरच्या तेलाची जाहिरात.
कोंडाबाई नाही.

इंग्रजीत के लावून, सी लावून,
लहान-मोठी अक्षरं एकच मान, असंही सांगून पाहिलं.
नुसता लुकलुकणारा ठिपका.

खोली किती, तेही त्याला सांगता येतं.
आधी दोन सांगितली. मग पाच.
मग आकडाच काढून टाकला,
आमच्याकडं बोअर घेताना करतात तसं:
चारशेला ओल लागत नाही,
गाडीवाला मालकाच्या तोंडाकडं बघतो,
मालक नुसती मान हलवतो.

नवीन फोल्डर. नवीन फोल्डर दोन.
त्याच्या पोटात परत नवीन फोल्डर.
लग्न. लग्न फायनल. लग्न फायनल खरं.
एका दाराशी ओळ आली, परवानगी नाही.
ते दार मला ठाऊक होतं,
मोडलेल्या लग्नांचे अल्बम.
कुलूप खाजामियाँनी स्वतः घातलेलं,
किल्ली माझ्याकडं, सुडोच्या एका शब्दात.
लावली नाही.
नकाराच्या ओळी शून्यात वळवल्या
आणि पुढं गेलो.

महानंदाबाई एवढा वेळ
भिंतीवरच्या तसबिरीकडं बघत होत्या,
हार घातलेल्या चष्म्याकडं.
म्हातारे फोटो काढताना लई बडबडायचे, म्हणाल्या.
आईला हसूच आवरंना.
तीनदा डोळे मिटले तिनं.

मी थांबलो.
कोंडाबाई खोडलं.
चांदणी, मिटले, चांदणी.

डोळे मिटले हिरवा शर्ट.
डोळे मिटले पोरगं रडतंय.
डोळे मिटले उधारी पंधरा.
एकशे सदतीस ओळी.
त्यांना साल लावलं, पाण्याच्या गाडीचं.
सहा उरल्या. चौथी:
डोळे मिटले भादेवाली आजी हसते.
रद्द नावाच्या फोल्डरात,
त्याच्या आधी सात तिरक्या रेघा.

निळा पडदा. पदर कपाळापर्यंत ओढलेला.
डोळे गच्च, आणि तोंडात
असतील नसतील तेवढे दात बाहेर.

डोळे उघडे असलेला शोधतो अजून, मी म्हणालो.
राहू द्या, त्या म्हणाल्या.
तो हाय की कार्डावर.
त्यात ती कुणावर तरी चिडल्यावानी दिसती.
हाच द्या. मोठा करून.

फायलीचं नाव मी बदललं नाही.
फक्त शेवटी कोंडाबाई जोडलं.
प्रिंटर गरम व्हायला वेळ लागतो,
समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.